पावसाळा, पडझड, आग आणि आपली पालिका: शहरातील रहिवाशांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रातील महानगरपालिका, नगरपालिका आणि नगरपंचायतींच्या हद्दीत राहणाऱ्या नागरिकांसाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. संकटाच्या वेळी कोणाला कळवायचे, पालिकेकडून कोणती मदत मिळू शकते आणि ती पोहोचेपर्यंत आपण स्वतः काय करायचे, एवढ्यापुरताच त्यांचा विषय मर्यादित आहे. तक्रार वेळेआधी आणि लेखी दिलेली असेल, तर पुढच्या बहुतेक अडचणी निम्म्याने कमी होतात. म्हणून अर्ज, पोच आणि आवक क्रमांक यांचा उल्लेख येथे पुन्हा पुन्हा येईल.

तातडीच्या वेळी नेमका कोणता क्रमांक लावावा?

जिवाला धोका असेल तर ११२ लावावा. पोलीस, अग्निशमन आणि वैद्यकीय मदत या तिन्हींसाठी हा एकच क्रमांक चालतो. आग लागली असेल किंवा इमारतीत कोणी अडकले असेल, तर १०१ वर थेट अग्निशमन दल मिळते. रुग्णवाहिकेसाठी १०८, तर गरोदर माता आणि नवजात बाळांसाठी १०२ हा क्रमांक आहे. जिल्ह्याचा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७ वर आणि राज्याचा १०७० वर असतो. मुंबईत महानगरपालिकेच्या आपत्ती व्यवस्थापन विभागाचा क्रमांक १९१६ आहे. इतर शहरांतील पालिकांचे नियंत्रण कक्ष वेगळ्या क्रमांकांवर चालतात आणि ते पावसाळ्यापूर्वी जाहीर केले जातात. घरगुती गॅसची गळती झाल्यास १९०६, विजेच्या तक्रारींसाठी १९१२, आणि एकट्या राहणाऱ्या किंवा छळ सोसणाऱ्या ज्येष्ठांसाठी १४५६७ हे क्रमांक जवळ असावेत. फोन बंद पडल्यावर त्यात साठवलेले क्रमांक उपयोगाचे राहत नाहीत, म्हणून ही यादी कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला लावावी.

फोन लावल्यावर प्रथम ठिकाण सांगावे: रस्ता, ओळखीची खूण, मजला, आणि आत किती माणसे आहेत. काय घडले याचा तपशील नंतर सांगितला तरी चालतो. मध्येच फोन तुटला, तरी पत्ता मिळाला असेल तर गाडी निघू शकते.

प्रत्येक गोष्ट पालिकेचीच जबाबदारी असते का?

नाही, आणि हे माहीत नसल्यामुळे अनेक तक्रारी चुकीच्या टेबलावर पडून राहतात. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने संविधानात बारावी अनुसूची जोडली आणि नागरी स्थानिक संस्थांकडे सोपवता येतील अशा १८ विषयांची यादी दिली. पाणीपुरवठा, सार्वजनिक आरोग्य, घनकचरा, अग्निशमन सेवा, रस्ते आणि पूल, दिवाबत्ती हे विषय त्यात आहेत. मात्र शहरातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग पालिकेचा नसतो. त्यासाठी १०३३ हा क्रमांक आहे. काही रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाकडे किंवा विकास प्राधिकरणाकडे असतात. घरातील वीजमीटर आणि रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) वीज कंपनीचे असते. नुकसानीचा पंचनामा आणि शासकीय अर्थसाहाय्य हे प्रामुख्याने महसूल खात्याचे, म्हणजे तहसील कार्यालयाचे काम आहे.

तरीही धोका तातडीचा असेल, तर रस्ता कोणाचा हे शोधत बसू नये. नियंत्रण कक्षाला कळवावे आणि पुढची विभागणी त्यांना करू द्यावी.

तक्रार कशी द्यावी म्हणजे ती हरवणार नाही?

ॲपवर किंवा दूरध्वनीवर दिलेल्या तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवावा. धोका गंभीर असेल, उदाहरणार्थ खचलेली संरक्षक भिंत, उघडे मॅनहोल किंवा वाकलेला विजेचा खांब, तर त्याशिवाय प्रभाग कार्यालयात लेखी अर्ज द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घ्यावा. महानगरपालिकेत हा अर्ज प्रभागाच्या सहायक आयुक्तांच्या नावे, तर नगरपालिकेत आणि नगरपंचायतीत मुख्याधिकाऱ्यांच्या नावे करावा. एका अर्जात एकच विषय मांडावा, कारण गटार, दिवे आणि कुत्रे एकाच कागदावर आले की तो कागद तीन खात्यांमध्ये फिरत राहतो. सोबत दिनांकासह छायाचित्र जोडावे.

येथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार ज्या सेवा अधिसूचित आहेत, उदाहरणार्थ जन्म-मृत्यूचे दाखले, त्यांच्यासाठी मुदत ठरलेली असते आणि ती पाळली गेली नाही तर अपील करता येते. खड्ड्याची किंवा तुंबलेल्या नाल्याची तक्रार ही या अर्थाने ‘सेवा’ नसून गाऱ्हाणे असते. तिचा पाठपुरावा वरिष्ठांकडे स्मरणपत्र देऊन आणि माहितीच्या अधिकारात ‘माझ्या अर्जावर कोणत्या दिनांकास कोणती कार्यवाही झाली’ एवढे विचारून करावा लागतो. हा दुसरा अर्ज १० रुपयांत होतो, १५० शब्दांत मांडायचा असतो आणि त्याला सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. भांडणापेक्षा हा सौम्य प्रश्न फाइल जास्त लवकर हलवतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आमची इमारत धोकादायक आहे की नाही, हे कसे ओळखावे?

खांब किंवा तुळईवर आडव्या-तिरक्या भेगा रुंदावत जाणे, काँक्रीट सुटून गंजलेल्या सळ्या उघड्या पडणे, दारे-खिडक्या अचानक चौकटीत अडकू लागणे, छताचा मधला भाग खाली झुकणे, आणि भिंतीतून किंवा खांबातून माती-वाळू गळत राहणे, ही लक्षणे दुर्लक्ष करण्यासारखी नाहीत. केवळ रंगाच्या थरात पडलेली बारीक भेग आणि खांबातून आरपार गेलेली भेग यांत मोठा फरक आहे, पण तो ठरवण्याचे काम संरचना अभियंत्याचे आहे.

वय हा एक निकष आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी दर पाच वर्षांनी, तर ३० वर्षांहून जुन्या इमारतीची दर तीन वर्षांनी करून घ्यायची असते. ३० वर्षे पूर्ण झालेल्या इमारतींसाठी महानगरपालिका कायद्यांतही स्थैर्य प्रमाणपत्राची तरतूद आहे. पण वयावरच विसंबून राहणे घातक ठरते. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळफाटा येथे कोसळलेल्या अनधिकृत इमारतीचे बांधकाम अजून चालूच होते आणि त्या दुर्घटनेत ७४ माणसे गेली. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडमध्ये पडलेली पाच मजली इमारतही जुनी नव्हती. म्हणून नवीन इमारतीतही, विशेषतः तळमजल्यावर दुकानासाठी भिंत पाडली जात असेल किंवा खांबाला हात लावला जात असेल, तर त्याच दिवशी पालिकेच्या बांधकाम विभागाला कळवावे. शेजाऱ्याशी वाईटपणा येईल म्हणून गप्प राहण्याचा हा विषय नाही.

नोटिशीत ‘सी-१’ किंवा ‘सी-२’ असे लिहिले आहे. त्याचा अर्थ काय?

सी-१ म्हणजे राहण्यास अयोग्य असलेली, तातडीने रिकामी करून पाडावयाची इमारत. सी-२ए मध्ये इमारत रिकामी करून मोठी संरचनात्मक दुरुस्ती करायची असते, सी-२बी मध्ये रिकामी न करता दुरुस्ती शक्य असते, आणि सी-३ मध्ये किरकोळ दुरुस्ती पुरेशी ठरते. नोटीस ज्या तरतुदीखाली निघते तिचा उल्लेख कागदावर असतो: मुंबईत १८८८ च्या अधिनियमाचे कलम ३५४, इतर महानगरपालिकांत १९४९ च्या अधिनियमाचे कलम २६४.

घर रिकामे केले तर आमचा हक्क जाईल, या भीतीने कोणीच हलत नाही. ही भीती खरी आहे का?

ही भीती समजण्यासारखी आहे, आणि सी-१ ची नोटीस लागलेल्या इमारतीत कुटुंबे पावसाळाभर राहतात त्याचे प्रमुख कारणही तीच आहे. म्हणून या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देणे आवश्यक वाटते.

पालिकेच्या आदेशाने इमारत रिकामी केली किंवा पाडली, एवढ्याने भाडेकरूचा हक्क संपत नाही. सांगलीतील एका प्रकरणात महानगरपालिकेने भाड्याची इमारत पाडल्यानंतर हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि बांधकाम नष्ट झाले तरी भाडेकरार आपोआप संपुष्टात येत नाही, असा निर्णय २०१४ साली न्यायालयाने दिला. महानगरपालिका कायद्यांतही इमारत पाडण्यापूर्वी प्रत्येक भोगवटादाराच्या, म्हणजे तेथे प्रत्यक्ष राहणाऱ्याच्या, ताब्यातील क्षेत्राची नोंद करण्याची तरतूद आहे. आपल्या हक्काचा खरा आधार ही नोंद आहे. जीव धोक्यात घालून टिकवलेला ताबा नव्हे.

त्यामुळे घर सोडण्यापूर्वी पुढील गोष्टी कराव्यात. पालिकेच्या अभियंत्याकडून खोलीचे मोजमाप करून घ्यावे आणि त्या नोंदीची सही-शिक्क्याची प्रत मागावी. भाडेपावती, मालमत्ता कराची पावती, वीजबिल, शिधापत्रिका आणि मतदार यादीतील नोंद यांच्या प्रती एकत्र करून एक संच घरातल्या दुसऱ्या माणसाकडे, शक्यतो दुसऱ्या पत्त्यावर ठेवावा. सर्व भोगवटादारांची सामायिक यादी करून ती पालिकेत आवक करून घ्यावी, कारण एकेकट्याने दिलेल्या कागदापेक्षा अशी यादी पुढे नाकारणे अवघड जाते. तपासणी अहवालच मान्य नसेल, तर दुसऱ्या नोंदणीकृत संरचना अभियंत्याचा अहवाल सादर करता येतो. दोन अहवालांत तफावत असल्यास मुंबईसारख्या ठिकाणी तांत्रिक सल्लागार समितीकडे प्रकरण जाते. हा वाद चालू द्यावा, पण तो चालू असताना मुलाबाळांसह त्याच छताखाली झोपू नये.

तात्पुरत्या निवाऱ्याची मागणीही लेखी करावी. संक्रमण शिबिरातील जागा प्रत्येक शहरात उपलब्ध असतेच असे नाही, आणि खासगी इमारतीच्या बाबतीत ती देण्यास पालिका नेहमी बांधील नसते, हे कटू असले तरी आधीच माहीत असलेले बरे.

हवामान विभागाचा ‘ऑरेंज’ किंवा ‘रेड’ इशारा आल्यावर काय करावे?

पिवळा इशारा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, आणि लाल म्हणजे कृती करा. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस हा ‘जोरदार’, ११५.६ पासून पुढे ‘अतिजोरदार’ आणि २०४.४ च्या वर ‘अत्यंत जोरदार’ समजला जातो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली होती. त्या दिवशी बुडालेल्या गाड्यांमध्ये अडकूनही माणसे गेली. लाल इशारा असताना भुयारी मार्गात साचलेल्या पाण्यात गाडी घालू नये, आणि पाणी दारापर्यंत चढत असेल तर गाडीत थांबू नये.

सखल भागातील कुटुंबांनी नारिंगी इशाऱ्यालाच औषधे, कागदपत्रे आणि चार्जर पिशवीत भरून ठेवावेत. नदीकाठच्या शहरांनी एवढ्यावर थांबू नये. कोल्हापूर-सांगलीला ऑगस्ट २०१९ मध्ये आणि चिपळूण-महाडला जुलै २०२१ मध्ये आलेल्या पुरात केवळ शहरातला पाऊस पाहून अंदाज करणारे फसले, कारण पाणी वरच्या खोऱ्यातून आणि धरणांच्या विसर्गातून येत होते. म्हणून आपल्या गावच्या पुलाजवळची इशारा पातळी आणि धोका पातळी किती फुटांवर किंवा मीटरवर आहे, हे प्रत्येक घराने जाणून घ्यावे. विजांच्या पूर्वसूचनेसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने विकसित केलेले ‘दामिनी’ हे ॲप उपयुक्त आहे.

पाणी साचलेल्या रस्त्यावरून चालावेच लागले तर?

शक्यतो चालू नये. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात मुंबईत उघड्या मॅनहोलमध्ये पडून एका ज्येष्ठ डॉक्टरांचा मृत्यू झाला होता. पाण्याखाली झाकण आहे की नाही, हे वरून दिसत नाही. नाइलाज असेल तर रस्त्याच्या कडेने न जाता, काठीने पुढची जमीन चाचपत आणि दुसऱ्या माणसासोबत जावे. पाणी लवकर ओसरावे म्हणून मॅनहोलचे झाकण स्वतः उघडू नये. असे उघडलेले झाकण दुसऱ्या कोणाचा तरी जीव घेते. विजेचे खांब, फलक आणि रोहित्रांपासून लांब राहावे.

साचलेल्या पाण्यातून चालल्यावर, विशेषतः पायाला जखम असेल तर, लेप्टोस्पायरोसिसचा (प्राण्यांच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाच्या आजाराचा) धोका असतो. घरी आल्यावर पाय साबणाने धुवावेत आणि ७२ तासांच्या आत पालिकेच्या दवाखान्यात जाऊन प्रतिबंधक औषधाविषयी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ताप आल्यावर अंगावर काढू नये.

डोंगरउतारावरील वस्तीत आम्ही राहतो. पावसाळ्यात निघून जावे का?

सलग मुसळधार पाऊस चालू असेल आणि जमिनीला नवी भेग, झाडे किंवा खांब कलणे, संरक्षक भिंत फुगणे, किंवा जिथे कधी पाणी नव्हते तिथून गढूळ पाण्याचा झरा फुटणे यांपैकी काहीही दिसले, तर सामान गोळा न करता निघावे. ३० जुलै २०१४ रोजी माळीण आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी दरड कोसळून गाडली गेली. दोन्ही ठिकाणी लोकांना विचार करायला वेळ मिळाला नाही. पालिकेने उघडलेल्या निवारा केंद्रात, बहुधा जवळच्या शाळेत, जाण्यासाठी घर अधिकृत असल्याचा पुरावा लागत नाही. तात्पुरता निवारा आणि पुनर्वसनाचा हक्क हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याची चिंता पहिल्याच्या आड येऊ देऊ नये.

इमारतीतील अग्निसुरक्षेची जबाबदारी कोणाची?

मालकाची, आणि संस्था असेल तर संस्थेची. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक अभिकरणाचे ‘नमुना बी’ प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये सादर करावे लागते. सभासदांनी वार्षिक सभेत हे प्रमाणपत्र दाखवण्याची मागणी करावी. कागद असूनही पंपाला वीज नसणे आणि नळाची तोटी गायब असणे हे प्रकार आढळतात, म्हणून प्रत्यक्ष पाणी येते का हे वर्षातून दोनदा पाहावे. जिन्यात सायकली, चपलांची कपाटे आणि जुने फर्निचर ठेवणे ही किरकोळ गैरसोय वाटते, पण धुराने भरलेल्या अंधारात तोच अडथळा जीवघेणा ठरतो.

आग लागल्यावर लिफ्ट वापरू नये. जिन्यात धूर असेल तर घरातच थांबून दाराच्या फटी ओल्या कापडाने बंद कराव्यात आणि खिडकीतून खूण करावी. गॅसचा वास आल्यास रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात आणि विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नये.

सोसायटीची मैला टाकी तुंबली आहे. खासगी माणूस उतरवून साफ करून घेऊ का?

कदापि नाही. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला मैला टाकीत किंवा गटारात उतरवणे हा गुन्हा ठरवला आहे, आणि ते काम देणारी संस्थाही त्यात जबाबदार ठरते. टाकीतील वायूने माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडतो आणि त्याला वाचवायला उतरणाराही बहुधा परत येत नाही. पालिकेची मैला उपसणारी गाडी मागवावी. त्यासाठी १४४२० हा मदत क्रमांकही आहे. थोडे पैसे वाचवण्यासाठी दुसऱ्याच्या मुलाला त्या झाकणाखाली पाठवण्याचा अधिकार कोणत्याही सोसायटीला नाही.

कुत्रा चावल्यास प्रथम काय करावे?

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने किमान १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी पालिकेच्या किंवा शासकीय रुग्णालयात जावे; तेथे प्रतिबंधक लस मिळते. हळद, चुना, मिरची काहीही लावू नये. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर उपचार जवळपास अशक्य असतात, त्यामुळे लसीची एकही मात्रा चुकवू नये.

धोकादायक झाडाची फांदी आम्ही स्वतः तोडू शकतो का?

परवानगीशिवाय नाही. नागरी क्षेत्रातील झाडांना १९७५ च्या कायद्याचे संरक्षण आहे, खासगी आवारातील झाडांनाही. उद्यान विभागाकडे मे महिन्यापूर्वी अर्ज द्यावा.

‘पाणीपट्टी थकली आहे, आज रात्री नळजोडणी तोडू’ असा संदेश आला आहे. खरा समजावा का?

त्यातील दुव्यावर टिचकी मारू नये, कोणतेही ॲप उतरवून घेऊ नये आणि ओटीपी सांगू नये. देयकावरील क्रमांकाने प्रभाग कार्यालयात खात्री करावी. पैसे गेलेच असतील तर ताबडतोब १९३० वर तक्रार करावी. जितका उशीर, तितकी रक्कम गोठवण्याची शक्यता कमी.

खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे अपघात झाला, तर भरपाई मिळते का?

मिळू शकते. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये अशा मृत्यूसाठी ६ लाख रुपये, आणि दुखापतीच्या स्वरूपानुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचे निर्देश दिले. अपघाताच्या जागेचे छायाचित्र, पोलीस ठाण्यातील नोंद आणि रुग्णालयाची कागदपत्रे सुरुवातीपासून जपावीत. त्याच खड्ड्याबद्दल आधी कोणी लेखी तक्रार केली असेल, तर तिचा आवक क्रमांक या टप्प्यावर फार मोलाचा ठरतो.

पूर ओसरल्यावर घरी परतताना कोणती काळजी घ्यावी आणि मदत कशी मिळवावी?

आत शिरण्यापूर्वी मेन स्विच बंद असल्याची खात्री करावी आणि ओल्या हातांनी त्याला स्पर्श करू नये. मीटर पाण्यात गेला असेल तर वीज कंपनीच्या माणसाने तपासल्याशिवाय पुरवठा चालू करू नये. कपाटामागे आणि अंथरुणात साप, विंचू असू शकतात. जमिनीखालील टाकी पूर्ण उपसून, घासून आणि क्लोरीनने निर्जंतुक केल्याशिवाय तिचे पाणी वापरू नये. तोपर्यंत टँकरचे पाणीही खळखळून उकळावे. त्यानंतर आठवड्यातून एकदा सर्व भांडी, कूलर आणि कुंड्यांखालच्या ताटल्या कोरड्या कराव्यात, कारण डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यातच वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात.

चिखल काढण्याची घाई सर्वांनाच असते, पण नुकसानीची छायाचित्रे आणि भिंतीवरील पाण्याच्या रेषेचे चित्र आधी काढावे. पंचनाम्यासाठी येणारे तलाठी आणि पालिकेचे कर्मचारी यांना शिधापत्रिका, आधार आणि बँक पासबुकाची प्रत द्यावी, आणि पंचनाम्यात काय लिहिले आहे ते वाचल्याशिवाय सही करू नये. भाडेकरूचे नुकसान भाडेकरूच्याच नावे नोंदले गेले पाहिजे. घरमालकाच्या नावे लिहिले जात असल्यास तेथेच हरकत घ्यावी. घरातील व्यक्ती दगावली असेल, तर राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांनुसार वारसांना ४ लाख रुपयांचे साहाय्य मिळते, आणि त्यासाठी शवविच्छेदन अहवाल व मृत्यूचा दाखला लागतो. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करावी. यादीत नाव आले नाही, तर तहसीलदारांकडे पंचनाम्याच्या प्रतीसह लेखी अर्ज करावा आणि त्याची पोच घ्यावी.